छोट्या डब्यात अँटेना बसवायचाय? मग सुरुवात डब्यापासून करा

आपल्या सांगली-मिरजेकडं आता बागेत, बेदाण्याच्या शेडात, विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीत बारके बारके वायरलेस नोड, म्हणजे सेन्सरचे आकडे रेडिओनं पाठवणारे डबे, बसवायला लोकांनी सुरुवात केलीय, इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्ट म्हणून करतायत, काही शेतकरी स्वतःच मॉड्यूल (तयार रेडिओ बोर्ड) मागवून जोडतायत, आणि सगळ्यांची तक्रार एकच असते की टेबलावर झकास चालतंय पण बागेत नेलं की चार ओळी ओलांडल्या की गप्प. मग शिव्या मॉड्यूलला. मॉड्यूल बिचारं बहुतेक वेळा बरोबर असतंय, गडबड अँटेनात असते.

नवीन माणसाला वाटतं की अँटेना म्हणजे दुकानातून आणून चिकटवायचा एक पार्ट. पण एवढ्याशा उपकरणात बोर्डाचं ग्राउंड (सर्किटला जोडलेला तांब्याचा मोठा थर), शेजारचा सेल, बाहेर पडलेल्या सेन्सरच्या वायरी आणि वरचा प्लास्टिकचा डबा असं सगळं मिळून रेडिओ लहरी फेकत असतंय. म्हणून खालचा क्रम पाळा: आधी डबा, मग ग्राउंड, मग अँटेना, सगळ्यात शेवटी मॅचिंग, म्हणजे मॉड्यूल आणि अँटेनाचा मेळ बसवणं. बरेच लोक नेमकं उलट करतात.

उदाहरण म्हणून तासगावच्या बाजूच्या द्राक्षबागेतला नोड घेऊ. बोर्ड ५० × ८० मिमी, एक १८६५० लिथियम सेल, एक लोरा मॉड्यूल (कमी पॉवरमध्ये लांब पोचणारा रेडिओ), जमिनीत पुरलेला ओलाव्याचा सेन्सर आणि वर तापमान-आर्द्रतेचा सेन्सर. गेटवे, म्हणजे नोडचे सिग्नल घेणारा डबा, शेतातल्या घराच्या गच्चीवर.

पायरी १ : बँड ठरवा, आणि कायद्यात बसणारा ठरवा

आपल्याकडं लायसन्सशिवाय वापरता येणाऱ्या फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्यांपैकी, म्हणजे बँडपैकी, कामाच्या तीन. २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे वायफाय-ब्लूटूथवाली. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ, जी आधी ८६७ पर्यंतच होती आणि २०२१ मध्ये वाढवली. आणि ४३३ ते ४३४, पण ती फक्त १० मिलीवॅटपर्यंत आणि इमारतीच्या आतल्या वापरासाठी, त्यामुळं बागेसाठी तिचा विचार सोडा. ऑनलाईन स्वस्तात ९१५ मेगाहर्ट्झची मॉड्यूलं दिसतात, ती घेऊ नका, ९०० च्या आसपासची जागा आपल्याकडं मोबाईलवाल्यांची आहे. आणि वस्तू विकणार असाल तर लायसन्स नको म्हणजे काहीच नको असं नाही, डब्ल्यूपीसीचं (दूरसंचार खात्याच्या वायरलेस विभागाचं) ईटीए, म्हणजे उपकरण मंजुरीचं सर्टिफिकेट लागतंच.

बागेत २.४ गिगाहर्ट्झ का नको? पानात पाणी असतंय आणि पाणी २.४ ला जास्त खातं. घरातल्या घरात ठीक, वेलीच्या मांडवाखाली नाही. आपण ८६६ धरू.

पायरी २ : लांबीचं गणित, एकदाच

३०० ला मेगाहर्ट्झनं भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. ८६६ साठी ३४.६ सेमी, तिचा पाव म्हणजे ८.६६ सेमी. २४४० साठी पाव ३.०७ सेमी, ४३३.९ साठी १७.३ सेमी. सरळ उभी तार लावायची तर गणितापेक्षा साधारण पाच टक्के कमी लागते, म्हणजे ८६६ ला ८.२ सेमी. ही ८.२ सेमीची तार बोर्डावर उभी सोल्डर केली तर तो जगातला सगळ्यात स्वस्त आणि चांगला अँटेना आहे, आणि डब्यात उभी मावत असेल तर पुढचा लेख न वाचता तीच लावा, खरंच सांगतो. तशी एक तार करून जपून तर ठेवाच, पुढं तुलनेला लागणार आहे.

मावत नसेल तर छोटा करायचा, आणि छोटं करण्याची किंमत असते. १९४७-४८ मध्ये व्हीलर आणि चू या दोघांनी ती कागदावर मांडून ठेवलीय: तरंगलांबीच्या मानानं अँटेना जितका बारका, तितकी त्याची बँडविड्थ (किती रुंद पट्टीवर चालतो ते) कमी किंवा कार्यक्षमता कमी, दोन्ही एकदम मिळत नाही. ऑनलाईन कुणी नखाएवढा 'सुपर गेन' अँटेना विकत असेल तर हे आठवा.

आकड्यात बघायचं तर, समजा ८६६ ला फक्त २ सेमीची उभी तार ठेवली. तिचा रेडिएशन रेझिस्टन्स (लहरी म्हणून बाहेर जाणारी पॉवर ज्या रोधात मोजतात तो) ढोबळमानानं ४० गुणिले पायचा (π चा) वर्ग गुणिले 'उंची भागिले तरंगलांबी' या भागाकाराचा वर्ग, म्हणजे जेमतेम १.३ ओहम येतो. पूर्ण पाव तरंगलांबीच्या तारेचा तो ३६ च्या आसपास असतो. आता एवढी आखूड तार ट्यून करायला, म्हणजे नेमक्या फ्रीक्वेन्सीवर आणायला, बुडाशी कॉइल लागते, आणि बोर्डावर बसणाऱ्या बारक्या एसएमडी कॉइलचा स्वतःचा रोध सहज ५ ते ८ ओहम भरतो. पॉवर या दोन रोधांच्या प्रमाणात वाटली जाते, म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा किंवा त्याहून कमीच बाहेर पडतो, बाकी कॉइल गरम करायला. सुमारे ७-८ डीबी (पॉवर किती पटीनं घटली ते मोजायचं माप) गेले, आणि मोकळ्या जागेत ६ डीबी गेले की रेंज निम्मी होते. म्हणून छोटा करा पण उगाच नको. डब्यात जेवढी जागा आहे तेवढी सगळी अँटेनाला द्या, दिसायला नाजूक म्हणून कुणी जास्त पैसे देत नाही.

पायरी ३ : डबा आणि ग्राउंड

बागेत फवारणी सारखी चालू असते आणि डिसेंबरात धुकं, त्यामुळं आयपी६५ चा, म्हणजे धूळ-पाणी आत न घेणारा, प्लास्टिक डबा लागणारच. एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट चालतं. लोखंडी पेटी म्हणजे विषय संपला, अँटेना बाहेर काढावा लागेल. आणि काळ्या प्लास्टिकपासून जरा सावध, काहींमध्ये कार्बन भरपूर असतो आणि तो सिग्नल खातो, शंका आली तर पांढरा-राखाडी घ्या.

डब्यात सेल कुठं, बोर्ड कुठं, स्क्रू कुठं हे आत्ताच ठरवा. १८६५० सेल म्हणजे साडेसहा सेमीचा धातूचा दांडा आहे, तो अँटेनाच्या शेजारी आला की ट्यूनिंग पळतं. सेल बोर्डाच्या एका टोकाला, अँटेना दुसऱ्या टोकाला. यावर तडजोड नाही.

ग्राउंडचं नवीन लोकांना पटत नाही. पाव लांबीचा कुठलाही अँटेना म्हणजे अर्धाच अँटेना, उरलेला अर्धा म्हणजे बोर्डाचं कॉपर. ८६६ ला ते ग्राउंड एका दिशेनं निदान आठेक सेमी असावं, आपला ८० मिमीचा बोर्ड त्याच्या जवळपास जातो. बोर्ड ३० मिमीचा केला तर अँटेना कितीही भारी काढा, ग्राउंडच अपुरं पडणार, आणि ते आपली कसर सेन्सरच्या वायरींमधून भरून काढणार. मग वायर हलवली की रेंज बदलते, वायर ओल्या मातीत गेली की अजून बदलते, आणि माणूस आठवडाभर सॉफ्टवेअरमधला बग शोधत बसतो. उपाय सोपा आहे, सेन्सरची वायर बोर्डाला जिथं लागते तिथं प्रत्येक लाईनला एक फेराइट बीड (रेडिओ लहरी अडवणारा मणी) टाका आणि तो कनेक्टर अँटेनापासून लांबच्या कडेला ठेवा.

पायरी ४ : प्रकार निवडा

स्प्रिंगसारखा हेलिकल स्वस्त, सोल्डर करायला सोपा, पण बँडविड्थ अरुंद, आणि जरा वाकला की ट्यूनिंग गेलं. प्रोटोटाईपला ठीक.

चिप अँटेना दिसायला पांढरा तुकडा, लोकांना वाटतं हाच अँटेना. डेटाशीट उघडून बघा, कंपनीनं मोजमाप स्वतःच्या भल्या मोठ्या इव्हॅल्युएशन (चाचणीच्या) बोर्डावर केलेलं असतंय आणि शेजारी मोकळी जागा किती सोडायची ते मिमीत लिहिलेलं असतंय. ती जागा धरली तर पीसीबीवर, म्हणजे बोर्डावरच, छापलेल्या अँटेनापेक्षा फार काही वाचत नाही. २.४ ला कधीकधी परवडतो, ८६६ ला छोट्या बोर्डावर मला तरी पटत नाही.

पीसीबीवर छापलेला इन्व्हर्टेड एफ. बोर्डाच्या कडेनं जाणारा एक हात, एका टोकाला ग्राउंडला जोडलेला पाय, आणि त्या पायापासून थोड्या अंतरावर फीड (मॉड्यूलची पॉवर जिथं येते ती जागा), उलटा इंग्रजी एफ दिसतो म्हणून हे नाव. फुकट पडतो, प्रत्येक बोर्डावर सारखा येतो, ट्यून करायला सरळ. नवीन माणसानं इथूनच सुरुवात करावी. २.४ साठी तर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं तयार ड्रॉइंग मोफत दिलीयत, त्यातला एएन०४३ मधला नागमोडी प्रकार फक्त १५.२ × ५.७ मिमीत बसतो. ते ड्रॉइंग मात्र जसंच्या तसं उचलायचं, बोर्डाची जाडीसुद्धा त्यात सांगितलीय तेवढीच, 'इथं एक मिमी कमी केला' असं नको.

आणि ईएसपी३२ सारखं वायफाय-ब्लूटूथचं तयार मॉड्यूल वापरत असाल तर अँटेना काढून झालेलाच आहे, तुम्हाला फक्त तो बिघडवायचा नाहीये. मॉड्यूल बोर्डाच्या कडेला बसवा, अँटेनाचा भाग कडेच्या बाहेर लोंबू द्या, आजूबाजूला निदान १५ मिमी काही नको. खाली ग्राउंड ओतून ठेवलेले बोर्ड अजून बघायला मिळतात, कमाल आहे.

पायरी ५ : बोर्ड काढा

आपल्या ८६६ च्या इन्व्हर्टेड एफसाठी ५० मिमीच्या कडेला १२-१५ मिमी रुंदीची पट्टी पूर्ण रिकामी सोडा, सगळ्या लेयरवर, कॉपर नाही, ट्रॅक नाही, स्क्रूचं भोकसुद्धा नाही. एफआर४ मुळं, म्हणजे बोर्डाच्या नेहमीच्या फायबरग्लासमुळं, हात हवेपेक्षा आखूड लागतो, साधारण ७ सेमी धरा. तो ५० मिमीत सरळ बसत नाही म्हणून शेवटचा भाग वळवून नागमोडी करा. वळणं टोकाकडं ठेवा, पायाजवळ नको, कारण करंट पायाजवळ जास्त असतो आणि खरं काम तिथलाच भाग करतो. हात मुद्दाम दहा टक्के लांब काढा. तंबोऱ्याची जवारी लावणारा जसं घोडीचा माथा थोडा घासतो, तार छेडून ऐकतो, परत थोडं घासतो, तसं हे काम आहे, एका दमात जास्त काढलं की परत चिकटवता येत नाही.

मॉड्यूलपासून अँटेनापर्यंतचा ट्रॅक ५० ओहमचा हवा. १.६ मिमी जाडीच्या दोन लेयरच्या एफआर४ वर खाली पूर्ण ग्राउंड असेल तर तो सुमारे ३ मिमी रुंद येतो, ०.८ मिमी बोर्डावर दीड मिमी. बोर्डाच्या फायबरग्लासचा डायइलेक्ट्रिक आकडा (ज्यावर ही रुंदी ठरते तो) ४.२ ते ४.६ च्या दरम्यान कुठंही असू शकतो म्हणून फार डोकं लावू नका, ट्रॅक १ सेमीच्या आत ठेवला तर रुंदीत थोडं इकडंतिकडं चालून जातं.

त्या ट्रॅकवर तीन पॅड नक्की ठेवा, एक शंट (ट्रॅकवरून ग्राउंडकडं), एक सिरीज (ट्रॅकच्या मधे), परत एक शंट, म्हणजे पाय (π) नेटवर्क. आत्ता मधल्या जागी शून्य ओहम आणि शंट रिकामे. पैसे लागत नाहीत आणि पुढं नाक वाचतं. ग्राउंडच्या कडेनं, जिथं रिकामी पट्टी सुरू होते तिथं, वर-खालचं ग्राउंड जोडणाऱ्या व्हायांची (तांबं चढवलेल्या बारक्या भोकांची) रांग द्या.

पायरी ६ : मोजा

नॅनोव्हीएनए, म्हणजे अँटेनातून कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती पॉवर परत येते ते दाखवणारा बारका मीटर, नसेल तर चार जणांत मिळून एक घ्या, कॉलेजच्या लॅबमध्ये कुणाकडं असेल तर विचारा. सुरुवातीचं साधं मॉडेल ९०० मेगाहर्ट्झपर्यंत नीट चालतं आणि पुढं दीड गिगाहर्ट्झपर्यंत ओढतं, म्हणजे ८६६ ला पुरेल. २.४ साठी ३ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारं लागेल.

आता या भागात घाई नको. बारकी आरजी१७८ केबल घ्या, १० सेमी. मॉड्यूलकडं जाणारा ट्रॅक तोडा, म्हणजे मॉड्यूल बाजूला राहील. केबलची मधली तार पाय नेटवर्कच्या सुरुवातीच्या पॅडवर सोल्डर करा, आणि जाळी लगेच शेजारी, मास्क (बोर्डावरचा रंगीत थर) खरवडून, ग्राउंडला सोल्डर करा. जाळीची शेपटी लांब ठेवायची नाही, २ मिमीची शेपटीसुद्धा या फ्रीक्वेन्सीला इंडक्टर होते. केबल अँटेनाच्या विरुद्ध टोकाकडून बाहेर काढा आणि तिच्यावर दोन-तीन फेराइटचे मणी सरकवा.

पण त्याआधी कॅलिब्रेशन, आणि ते याच केबलच्या टोकाला. टोक मोकळं ठेवून ओपन, मधली तार जाळीला टेकवून सोल्डर केली की शॉर्ट, आणि १०० ओहमचे दोन ०६०३ रेझिस्टर समांतर लावले की ५० ओहमचा लोड. किटातल्या चकचकीत टोप्या मीटरच्या तोंडाला लावून कॅलिब्रेट केलं तर पुढच्या १० सेमी केबलनं फिरवलेली फेज (लहरीचा टप्पा) तुम्ही अँटेनाची म्हणून वाचणार.

जोडलं की केबल दोन बोटांत धरा आणि बोटं तिच्यावरून पुढंमागं सरकवा. स्क्रीनवरची रेघ हलली तर केबलच अँटेना झालीय, अजून मणी चढवा. रेघ शांत झाली की मगच आकड्यांवर विश्वास ठेवा.

पायरी ७ : कापा, पण डबा बंद करून मोजा

सेल बसवा, सेन्सरच्या वायरी जोडा, झाकण लावा, केबल एका बारीक भोकातून बाहेर. मीटरवरची रेघ जिथं खाली बुडते, म्हणजे सगळ्यात कमी पॉवर परत येते, ती खाच; उघड्या बोर्डावर ८६६ ला आणलेली खाच झाकण लावल्यावर खाली सरकते, प्लास्टिक किती जवळ आणि किती जाड यावर काही मेगाहर्ट्झपासून वीस-तीसपर्यंत. ज्यांना डब्यात पॉटिंगचं (पाणी शिरू नये म्हणून भरायचं) इपॉक्सी ओतायचंय त्यांचं अजून जास्त सरकणार, त्यांनी एक नग आधी ओतून बघावा.

समजा खाच ८२० ला दिसली. ८२० भागिले ८६६ म्हणजे ०.९४७, म्हणजे लांबी साधारण पाच टक्के जास्त आहे, ७ सेमीच्या हाताला सुमारे पावणेचार मिमी. लगेच पावणेचार कापू नका, अडीच कापा, ब्लेडनं कॉपर सोलून काढा, परत डबा बंद, परत मोजा. कंटाळवाणं आहे पण याला पर्याय नाही.

खाच बरोबर जागी आली पण उथळ असेल तर हात कापून उपयोग नाही. फीड आणि ग्राउंडच्या पायातलं अंतर बदला, फीड पायापासून लांब नेला की इम्पिडन्स (फीडला दिसणारा रोध) वाढतो, जवळ आणला की कमी होतो. स्मिथ चार्ट (मीटरवरचा इम्पिडन्सचा गोल नकाशा) बघून घाबरू नका, ठिपका मध्याच्या डावीकडं म्हणजे ५० ओहमपेक्षा कमी, उजवीकडं म्हणजे जास्त, सुरुवातीला एवढं कळलं तरी बास. बोर्ड छापून झालेला असेल तर ही दुरुस्ती पाय नेटवर्कमध्ये एखादा कपॅसिटर किंवा कॉइल टाकून होते, पण सुरुवातीचा फरक जास्त असेल तर पुढच्या बोर्डात भूमिती बदला. मोठी चूक पार्टांनी झाकली की पुन्हा तेच, कॉइल गरम.

कुठं थांबायचं? रिटर्न लॉस (किती पॉवर परत फिरते ते) उणे १० डीबी म्हणजे दहा टक्के पॉवर परत येते, तोटा अर्ध्या डीबीच्या आत. उणे ३० साठी रात्र जागवू नका, बागेत कुणाला फरक कळणार नाही. आणि हे पण ध्यानात असू द्या की ५० ओहमचा रेझिस्टर लावला तर रिटर्न लॉस सगळ्यात देखणा दिसतो आणि बाहेर काहीच जात नाही. म्हणजे देखणी खाच हा कार्यक्षमतेचा पुरावा नव्हे. त्यासाठी पुढची पायरी.

पायरी ८ : बागेत न्या

ती जपून ठेवलेली ८.२ सेमीची तार आता काढा. तसाच दुसरा बोर्ड, तोच सेल, तीच पॉवर, फक्त अँटेनाच्या जागी ती उभी तार. दोन्ही नोड आळीपाळीनं एकाच खांबावर, एकाच उंचीवर ठेवा, गेटवेवर आरएसएसआय (आलेल्या सिग्नलची ताकद) नोंदवा. नोड पंचेचाळीस-पंचेचाळीस अंशांनी फिरवत आठ दिशांना वाचन घ्या आणि सरासरी काढा, एका दिशेच्या आकड्यावर निकाल द्यायचा नाही. वाचन घेताना स्वतः चार पावलं मागं व्हा, माणूस म्हणजे पाण्याचं पोतंच. छोटा अँटेना तारेपेक्षा २-३ डीबीनं कमी आला तर चांगलं जमलंय. ८-१० नं कमी आला तर डब्यात काहीतरी खातंय, बहुतेक सेल नाहीतर वायरी.

चाचणी कधी घेता यालाही महत्त्व आहे. खरड छाटणी झाल्यावर बाग उघडी असते, तेव्हा रेंज मस्त येते आणि सगळे खूश. ऑक्टोबर छाटणीनंतर मांडव पानांनी भरला, वर सकाळचं दव पडलं, की तोच नोड चाचपडायला लागतो. म्हणून भरल्या बागेत, शक्यतो ओल्या सकाळी मोजा, आणि त्यावर अजून दहा डीबी शिल्लक राहतील असं बघा.

मांडवाचं लोखंड विसरू नका. अँगल आणि तारांचं जाळं डोक्यावर असतंय, नोड तारेला टेकवून बांधला तर ट्यूनिंग परत सरकतं. डबा अँगलपासून निदान वीतभर लांब, लाकडी फळीवर किंवा पीव्हीसी पाईपच्या तुकड्यावर घ्या, अँटेनाचं टोक मोकळ्या बाजूला. बेदाणा शेडातही तेच, लोखंडी चौकटींच्या मधोमध नोड लटकवण्यापेक्षा कडेच्या खांबावर, बाहेरच्या अंगाला बरा.

गेटवेची उंची तर सगळ्यात स्वस्त डीबी आहे. ५०० मीटर अंतराला ८६६ मेगाहर्ट्झचा पहिला फ्रेनेल झोन (सिग्नल नीट जायला मोकळा लागणारा लंबगोल पट्टा) मध्यावर साडेसहा मीटर त्रिज्येचा असतो, म्हणजे दोन टोकं एकमेकांना नुसती दिसली तरी मधला ऊस किंवा मांडव त्या झोनमध्ये शिरलेला असतोच. गच्चीवरचा अँटेना एका पाईपनं अजून तीन मीटर वर नेला तर नोडमधल्या महिनाभराच्या खटपटीपेक्षा जास्त मिळू शकतं. तो उभाच लावा, आडवा नको, आणि नोडसुद्धा असा बसवा की इन्व्हर्टेड एफच्या बोर्डाची लांब बाजू उभी राहील, कारण या आकाराच्या बोर्डात लहरींची दिशा बरीचशी ग्राउंडच ठरवतं.

पायरी ९ : शंभर बोर्ड मागवायच्या आधी

आधी त्याच फॅबकडून (बोर्ड बनवणाऱ्या कंपनीकडून), त्याच जाडीचे, त्याच मास्कच्या रंगाचे पाच बोर्ड परत मागवा, कापून आलेली शेवटची लांबी ड्रॉइंगमध्ये घालून. पाचही डबाबंद मोजा. खाच आपसात पाच-सात मेगाहर्ट्झमध्ये असेल आणि ८६५ ते ८६८ हा भाग सगळ्यांत उणे १० च्या खाली बसत असेल तर ऑर्डर द्या. फॅब बदलला, डब्याचा पुरवठादार बदलला, सेलचा होल्डर बदलला, काहीही बदललं तर एक नग परत मीटरवर चढवायचा. पाय नेटवर्कचे ते तीन पॅड मात्र शेवटच्या डिझाइनमध्येसुद्धा काढू नका, वेगळ्या प्लास्टिकचा लॉट आला की त्यात एक कपॅसिटर टाकून भागतं, नाहीतर शंभर बोर्ड ब्लेडनं खरवडत बसा.